चिमणीवरचे आठ नट

आमच्या साखर कारखान्याच्या पश्चिमेला दीड किलोमीटरवर एक वस्ती आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि त्याच दिवसांत वाराही फिरतो. पावसाळाभर पश्चिमेकडून येणारा वारा पूर्वेकडून वाहायला लागतो. म्हणजे गळीत हंगामाचे पहिले अडीच-तीन महिने चिमणीचा धूर सरळ त्या वस्तीवर. पहाटे थंडीत तर तो वर चढतच नाही, उसाच्या फडांवर आडवा पडून राहतो. त्या वस्तीवर माझी चुलती राहते. तीन हंगामांपूर्वी एका संध्याकाळी तिनं मला बोलावून घेतलं आणि दोरीवरचा धुतलेला पांढरा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. टॉवेलभर काजळीचे हलके काळे तुकडे. झटकले तर पडत नव्हते, बोटानं दाबले की रेघ उमटायची.

“तू त्याच खात्याला हाईस न्हवं?” एवढंच ती म्हणाली.

मी त्याच खात्याला होतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं केमिस्ट म्हणून काढल्यावर, आधीचे पर्यावरण अधिकारी निवृत्त झाले तेव्हा त्यांचं टेबल, कपाट आणि फायली माझ्याकडे आल्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राचं नूतनीकरण, दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत द्यायचं पर्यावरण विवरणपत्र, सांडपाण्याचे नमुने, चिमणीचे अहवाल. यातला चिमणीचा अहवाल मला सगळ्यात सोपा वाटायचा, कारण त्यात मला काही करावंच लागत नसे. प्रयोगशाळेची गाडी यायची, दोन माणसं बॉयलरच्या लॉगशीटवरून तापमान आणि वाफेचे आकडे उतरवून घ्यायची, आणि आठवड्याभरात सहीशिक्क्याचा कागद यायचा. मी तो फायलीला लावायचो.

त्या रात्री मी फाईल काढून बसलो. आधीच्या दोन हंगामांतले चार अहवाल होते. धूलिकण १३८, १४२, १३९, १४१. सगळे मिलिग्रॅम प्रति घनमीटर. साखर कारखान्याच्या चिमणीला २०१६ पासून १५० ची मर्यादा आहे, म्हणजे चारही आकडे नियमात. पण मी रोज पोल (रसातली साखर), ब्रिक्स (रसात विरघळलेले सगळे पदार्थ) आणि बगॅसची, म्हणजे बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चिपाडाची, ओल मोजत आलेला माणूस. आमच्या बगॅसची ओल एका पाळीत ५० टक्के असते, दुसऱ्या पाळीत ५२. उसाबरोबर माती किती आली यावर राख बदलते. तोडणी कुठल्या रानातली आहे यावरसुद्धा बदलते. मग चार वेगवेगळ्या महिन्यांत हा बॉयलर चारच मिलिग्रॅमच्या आत कसा राहिला? खरी मोजमापं एकमेकांना इतकी धरून चालत नाहीत.

शिवाय आमच्याकडे ऑनलाईन मीटरही होता. साखर उद्योग देशातल्या सर्वाधिक प्रदूषणकारी १७ प्रकारांत मोडतो. अशा उद्योगांच्या चिमणीवर सतत मोजणारी यंत्रणा बसवून तिचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला जोडायचे, असा केंद्रीय मंडळाचा २०१४ चा आदेश आहे. बॉयलरच्या कंट्रोल रूममधला आमचा पडदा नव्वदीत असायचा. कागदावर १४०, पडद्यावर नव्वद, आणि चुलतीच्या टॉवेलवर काजळी. तिन्ही एकाच चिमणीच्या.

एमडीसाहेबांना मी टॉवेल दाखवला, आकडे दाखवले. त्यांनी दुसरी, एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेली प्रयोगशाळा बोलवायला परवानगी दिली. मी त्या लोकांना एकच अट सांगितली, नमुना घेताना मी वर प्लॅटफॉर्मवर असणार.

आमची चिमणी ४५ मीटर उंच, आतला व्यास २ मीटर. डक्टमधून, म्हणजे धूर नेणाऱ्या मोठ्या नळातून, धूर चिमणीत शिरतो तिथं तो वळतो, भोवरे होतात, धूळ एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी राहते. म्हणून नमुना घ्यायची भोकं, ज्यांना पोर्ट म्हणतात, त्या वळणापासून व्यासाच्या किमान आठपट वर आणि चिमणीच्या तोंडापासून किमान दुप्पट खाली ठेवायची असतात. आमच्याकडे ती २४ मीटरवर आहेत. तिथं लोखंडी प्लॅटफॉर्म आहे, पिंजऱ्याची शिडी आहे, आणि एकमेकांशी काटकोनात दोन पोर्ट आहेत. प्रत्येक पोर्टचं झाकण चार नटांनी आवळलेलं.

दीड वर्ष मी या चिमणीच्या अहवालांच्या पोचपावतीवर सही करत होतो, पण त्या शिडीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलो.

प्रयोगशाळेतून एक तिशीचा तंत्रज्ञ आणि त्याचा मदतनीस आले होते. सेफ्टी बेल्ट अडकवून तंत्रज्ञ पुढं, मी मागं. वर पोचल्यावर त्यानं पिशवीतून पाना काढला, पहिल्या नटाला लावला आणि तसाच थांबला.

“सर, हे जरा बघता का?”

दोन हंगामांपूर्वी, ऑफ-सीझनला, चिमणीला रुपेरी रंग मारला होता. तो रंग झाकणाच्या फटीवरून, नटांवरून, बोल्टच्या आट्यांवरून सलग गेलेला होता. कुठं पान्याचा ओरखडा नाही, कुठं टवका उडालेला नाही. दुसऱ्या पोर्टवर तेच. आठही नट रंगाखाली झोपलेले. आणि माझ्या फायलीतले चारही अहवाल त्या रंगानंतरचे होते.

मी एकेका नटाचा फोटो घेतला. माझे हात थरथरत होते. ज्यांनी ते चार कागद पाठवले त्यांना नंतर मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही. आम्ही त्यांचं काम बंद केलं आणि फोटोंसह ती हकीकत मंडळाला कळवली. पण त्या क्षणी त्यांच्यापेक्षा मला माझ्याच सहीचा जास्त राग आला होता.

नंतर याच विषयावर वाचताना गुजरातमधला एक अभ्यास मिळाला. तिथं उद्योगाचं पर्यावरण-लेखापरीक्षण करणाऱ्या परीक्षकाला तो उद्योगच निवडायचा आणि तोच पैसे द्यायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ ते २०११ या काळात चारशेहून जास्त कारखान्यांवर प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीनं आलेल्या अहवालांत धूलिकणांचे आकडे १५० च्या जरा खाली दाटीवाटीनं जमलेले निघाले. पुन्हा जाऊन मोजल्यावर तिथले खरे आकडे सगळीकडे पसरलेले होते, कित्येक मर्यादेच्या फार वर. मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकल्यासारखा नेमला, त्याचे पैसे सामायिक निधीतून दिले आणि त्याची मोजमापं अधूनमधून परत तपासली. अहवाल खरे यायला लागले, आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. माझ्या फायलीतले १३८, १४२, १३९, १४१ मला त्या दाटीतच उभे दिसले.

नट निघायला अडीच तास लागले. डिझेल सोडलं, हातोड्यानं हलकेच ठोकलं, शेवटी दोन बोल्ट हॅकसॉनं कापावे लागले. झाकण निघालं तशी आतून गरम, दमट, गूळ जळाल्यासारख्या वासाची वाफ अंगावर आली.

त्यापुढचं काम मी आयुष्यात विसरणार नाही, कारण एका आकड्यामागं किती कष्ट असतात ते मला तिथं कळलं. दोरी-कप्पीनं पेट्या वर आल्या. बर्फ हवा होता, तो हायवेवरच्या रसवंतीवाल्याकडून आणला. धुरातली वाफ बर्फात ठेवलेल्या काचेच्या बाटल्यांत गार करून तिचं पाणी करायचं असतं, म्हणजे कोरडा वायू किती होता ते कळतं. तंत्रज्ञानं लांब नळीवर खुणा केल्या. भिंतीपासून साधारण ९ सेंटिमीटर, २९, ५९, मग एकदम १४१, १७१, १९१. मला ते विचित्र वाटलं, मधे एवढी मोठी फट का? तो म्हणाला, “सर, भाकरीच्या कडेची एक बोटभर रुंद गोल पट्टी कापली तर ती मधल्या मोठ्या गोलाएवढी भरते. जागा सगळ्या सारख्या आकाराच्या धरायच्या, म्हणून खुणा कडेला दाट येतात.” एका व्यासावर सहा आणि दुसऱ्यावर सहा, असे बारा बिंदू.

आधी धुराचा वेग. पिटॉट नळी आत सरकवली, तिरक्या मॅनोमीटरमधलं पाणी सहा-सात मिलिमीटर चढलं. त्यावरून हिशेब केला, सेकंदाला सुमारे पावणेदहा मीटर. मग त्यानं डबीतल्या नोझलांपैकी साडेनऊ मिलिमीटरचं नोझल निवडलं. त्या तोंडातून धूर ओढताना ओढ अशी ठेवायची की नोझलमध्ये शिरणाऱ्या धुराचा वेग बाहेरून वाहणाऱ्या धुराएवढाच राहील. या सगळ्या खटाटोपाचं मर्म तेच.

ते मला खळ्यावरच्या उफणणीवरून समजलं. पाटीतून धान्य सोडलं की वाऱ्याबरोबर भुसकट जातं, दाणा जड म्हणून सरळ खाली येतो. चिमणीतही जड कण आपली वाट सहज सोडत नाही. नोझलमधून जास्त जोरानं ओढलं तर आजूबाजूचा वायू वळून आत येतो, पण जड कण सरळ वर निघून जातो. वायू भरपूर आणि धूळ थोडी, आकडा कमी. उलट कमी ओढलं तर वायू नोझलला वळसा घालतो, कण मात्र सरळ आत घुसतात आणि आकडा फुगतो. म्हणजे पंपाचा एक कॉक थोडा जास्त उघडून कुणालाही आकडा खाली आणता येतो, आणि अहवालातल्या शेवटच्या आकड्यावर त्याची खूणसुद्धा दिसत नाही. दर बिंदूला वेग बदलला की त्यानं गॅस मीटरकडं बघत कॉक पुन्हा लावला. सुरुवातीला नोझलचं तोंड बंद करून पंप चालवला होता. मीटरचा काटा जागेवर थांबलाय, म्हणजे मधे कुठं गळती नाही, हे मला दाखवल्याशिवाय त्यानं काम सुरू केलं नाही.

आमच्याकडे बॉयलरनंतर मल्टिसायक्लोन आहे, म्हणजे धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारी यंत्रणा, आणि त्यानंतर वेट स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याच्या फवाऱ्यातून जातो. त्यामुळं चिमणीतला धूर पाण्यानं भरलेला असतो. धूळ अडकवायची थिंबल, म्हणजे काचतंतूची टोपी, अशा धुरात आत धरली तर भिजून लगदा होते. म्हणून त्यानं ती बाहेर, १२० अंशांच्या गरम पेटीत ठेवली आणि नळीही गरम ठेवली. प्रत्येक बिंदूवर पाच मिनिटं. कागदावर एक तास होतो. प्रत्यक्षात सकाळी आठला चढलेलो आम्ही दुपारी साडेतीनला उतरलो. खाली नाना, आमचे सगळ्यात जुने फायरमन, बॉयलर एकसारखा ताशी ३८ टन वाफेवर धरून बसले होते.

उतरताना थिंबल चिमट्यानं डबीत गेली. नळीच्या आतली धूळ ॲसिटोननं धुऊन बाटलीत घेतली. धुऊन घ्यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

वजनाला मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. थिंबल वाळवून, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये गार करून, तराजूवर. टोपीचं मूळ वजन वजा करून आतली धूळ ३६१ मिलिग्रॅम भरली. धुण्यातले ३२. एकूण ३९३, दीड घनमीटर कोरड्या वायूत. म्हणजे २६२.

त्यावर कार्बन डायऑक्साइडची दुरुस्ती. हा भाग आमच्या बोर्ड मीटिंगमध्ये समजावताना मी ताकाचा दाखला दिला होता. ताकात पाणी वाढवलं की पेल्यातलं लोणी कमी दिसतं, पण पातेल्यातलं लोणी तेवढंच असतं. तसंच धुरात बाहेरची हवा मिसळली की घनमीटरमागं धूळ कमी दिसते, चिमणीतून गावावर जाते तेवढीच. म्हणून बॉयलरच्या धुराचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून बघतात. आमच्या धुरात तो फक्त ८.४ टक्के होता. २६२ गुणिले १२ भागिले ८.४. उत्तर ३७४.

१४१ च्या जागी ३७४.

चीफ इंजिनिअर साहेब माझ्यावर भडकले आणि त्यांचं पूर्ण चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. “ऊस फडात उभा आहे, टोळ्या दारात आहेत, आणि तू आत्ता हे काढतोस?” बॉयलर बंद म्हणजे गाळप बंद, आणि तोडलेला ऊस थांबत नाही, वाळतो, रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, घसरते. शेतकऱ्याचंच नुकसान. दुसरीकडे मंडळाला कळवलं तर बँक गॅरंटी जप्त होण्याची भीती होती. दोन दिवस केबिनमध्ये हेच चाललं. मी चुलतीचा टॉवेल टेबलावर ठेवला नाही, फोटोतले नट ठेवले. मी म्हणालो, उद्या दुसऱ्या कुणी येऊन हे झाकण उघडलं तर आपण काय सांगणार? शेवटी एमडीसाहेबांनी ठरवलं की आपणच मंडळाला पत्र द्यायचं, खरा आकडा लिहायचा आणि दुरुस्तीच्या तारखा लिहायच्या. बॉयलर लगेच बंद करायचा नाही, पण तीन आठवड्यांवर आलेल्या जनरल क्लीनिंगच्या बंदमध्ये सगळं उरकायचं. तोवर काय करायचं ते शोधून ठेवायचं.

शोधायला मी प्रयोगशाळेतला जुना ऑरसॅट, म्हणजे धुरातले वायू मोजायचं काचेचं उपकरण, काढला. मापाच्या नळीत १०० मिलिलिटर धूर घ्यायचा, पोटॅशच्या फुग्यात तीन-चार वेळा ढकलायचा, जेवढा कमी होईल तेवढे टक्के कार्बन डायऑक्साइड. काचेचं नाजूक काम, पण फसवत नाही. बॉयलरच्या तोंडाशी १३.१ टक्के आले. एअर हीटरनंतर १२.४. सायक्लोननंतर ९.२. आयडी फॅनच्या, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याच्या, आधी ८.५. हवा सायक्लोनपाशी आत घुसत होती.

ती दिसत नव्हती, कारण फॅन धूर ओढत असतो. पाइपला भोक पडलं तर धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. गळती आतल्या बाजूला असली की वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही. नाना आणि मी उदबत्तीचा पुडा घेऊन डक्टच्या कडेनं फिरलो. सांध्याजवळ उदबत्ती धरायची आणि धुराची रेघ बघायची. एक्स्पान्शन जॉइंटपाशी, म्हणजे डक्टच्या कापडी लवचिक जोडापाशी, ती वाकून आत गेली. सायक्लोनच्या हॉपरखाली, जिथून राख काढतात त्या दाराशी, तर रेघ सरळ फटीत खेचली गेली. नाना म्हणाले, “आरं, हितनं तर पाव वितभर वारं जातंय.” तळातून असं वारं शिरलं की सायक्लोननं गोळा केलेली राख पुन्हा उडते आणि परत धुरात जाते. म्हणजे आमचा सायक्लोन राख पकडून स्वतःच सोडून देत होता.

आणि स्क्रबर? त्याच्या पंपावरचं गेज सतत अडीच किलो दाब दाखवायचं, पाळीच्या रजिस्टरमध्ये दर तासाला अडीच किलो लिहिलेलं असायचं. सगळ्यांना तो पुरावा वाटायचा की पाणी चालू आहे. बंदच्या दिवशी स्क्रबरचं दार उघडून आत उतरलो. फवाऱ्याची ४८ नोझलं, त्यातली ३१ राखेनं गच्च. सुरीनं खरवडली तर वडीसारखे तुकडे निघाले. पाण्याला जायला वाट नाही म्हणून दाब चढलेला होता! आम्ही दाब बघत होतो, पाण्याचा प्रवाह कुणी मोजतच नव्हतं. कारणही पलीकडेच होतं. राख बसवायची टाकी गळ्यापर्यंत भरलेली, त्यामुळं फिरून येणारं पाणीच गढूळ. शिवाय वरच्या अंगाचे थेंब अडवणारे पत्रे निखळून पडले होते. ऑफिससमोर लावलेल्या मोटरसायकलींवर काळे थेंब का पडतात, याचं उत्तर तिथं मिळालं. तोवर ते थेंब आम्ही ऊसगाड्यांच्या नावावर खपवत होतो.

दुरुस्तीचं फार लिहीत नाही. टाकी उपसली, पंपाच्या आधी जाळी बसवली, नोझलं मोठ्या तोंडाची घातली, पत्रे पुन्हा जोडले, हॉपरच्या दाराला फट बंद करणारी नवी दोरी आणि एक्स्पान्शन जॉइंटला नवं कापड. पाण्याच्या लाइनवर प्रवाह मोजणारा मीटर लावला आणि रजिस्टरमध्ये दाबाच्या शेजारी प्रवाहाचा रकाना वाढवला. छत्तीस तास लागले. चीफसाहेब दोन्ही रात्री स्वतः उभे होते, हे मला आवर्जून लिहायचं आहे.

दहा दिवसांनी पुन्हा चढलो. या वेळी तीन फेऱ्या घेतल्या. १२ टक्क्यांवर आणलेले आकडे ११६, १२९ आणि १०४. ते असे मागंपुढं आलेले बघून मला जास्त बरं वाटलं.

राहिला होता तो कंट्रोल रूममधला पडदा. पहिल्या दिवशी आम्ही वर नमुना घेत होतो तेव्हा चिमणीतला कच्चा आकडा २६२ होता आणि पडद्यावर ९२. मी मीटरच्या कंपनीचा कागद मागवला. आमचा धूळ मोजणारा मीटर धुरातून प्रकाश टाकून त्याच्या खुणेवर चालतो. त्या खुणेचे मिलिग्रॅम किती धरायचे, हा गुणक प्रत्यक्ष नमुन्याशी ताडून बसवतात. आमचा गुणक कशावरून बसवला होता, तर त्या रंगाखालच्या पोर्टमधून आलेल्या पहिल्या अहवालावरून. न उघडलेल्या झाकणातून निघालेला १३८ पडद्याच्या पोटात जाऊन बसला होता, आणि दर पंधरा मिनिटांनी तीच चूक सर्व्हरवर जात होती. मंडळाकडे आकडे पोचत होते, ते बिनचूक वेळेवर पोचत होते, आणि त्यांना काही अर्थ नव्हता. कितीतरी रात्री मला हे आठवून झोप लागली नाही.

ओल्या चिमणीत असा मीटर पाण्याचे थेंबही धूळ समजतो, तो प्रश्न वेगळाच. पुढच्या ऑफ-सीझनला आम्ही नमुना बाहेर ओढून, तापवून मोजणारा मीटर घेतला. तीन वेगवेगळ्या लोडवर, प्रत्येक वेळी वर चढून, त्याचा गुणक बसवला. आता पडदा सपाट राहत नाही. सूट ब्लोइंग, म्हणजे बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी उडवणं, केलं की उडी मारतो, ओला बगॅस आला की चढतो. नाना आता त्याच्याकडं बघून ओळखतात की मिलच्या शेवटच्या रोलरचा दाब कमी झालाय.

चुलतीनं पुढच्या दिवाळीनंतर विचारलं की आता संपलं का सगळं. मी तिला खोटं सांगू शकलो नाही. टॉवेलवर पडणारे काळे तुकडे पुष्कळ कमी झाले आहेत, कारण स्क्रबर आणि सायक्लोन मोठे कण चांगले धरतात. पण डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक कण त्यांच्या हातून सुटतात, आणि छातीत खोलवर जातात ते तेच. लोकांच्या श्वासात ते किती जातात याचं मोजमाप गावात करायचं असतं, चिमणीत नाही. वस्तीवरच्या शाळेच्या गच्चीवर आम्ही हवेचं यंत्र ठेवतो, २४ तासांत १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. तिथं एका पालकानं मला विचारलं होतं, “तुमच्या चिमणीत दीडशे चालतं, मग आमच्या गावात शंभरच कसं?” मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममधला हजारपटीचा फरक सांगताना लक्षात आलं की आम्ही हे आकडे नोटीस बोर्डवर लावतो, पण कुणाला समजतील असे लावत नाही. आता मराठीत, एककांसह आणि मर्यादेसह लावतो. बारीक कणांसाठी स्थिर विजेवर राख ओढणारा ईएसपी बसवावा, असा प्रस्ताव मी संचालक मंडळासमोर ठेवला आहे. तो खर्चिक आहे. अजून मंजूर झालेला नाही. मी दर बैठकीत तो विषय पत्रिकेवर घालतो.

या हंगामातली पहिली तपासणी गेल्या महिन्यात झाली. तीन फेऱ्या, १४३, १२८ आणि १५१. सरासरी १४१.

एमडीसाहेबांनी कागद बघितला, मागची फाईल आठवली आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. “एवढं सगळं करून परत तिथंच आलो का रे आपण?”

मी सांगितलं की १५१ ची फेरीही अहवालात आहे, ती मी काढू दिलेली नाही. स्क्रबरच्या पाण्याचा प्रवाह पंधरा दिवसांत पाचव्या हिश्शानं उतरलाय, म्हणजे नोझलं पुन्हा बुजायला लागली आहेत. येत्या क्लीनिंगला ती काढायची आहेत. मग फोन काढून त्यांना त्या सकाळचे फोटो दाखवले. आठही नट ग्रीसनं माखलेले, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर पान्याच्या चकचकीत खुणा.

त्यांनी फोटो मोठे करून एकेक बघितले आणि अहवालावर सही केली.